लाइट गेली की प्रिंटर का हरवतो? ऑफिसच्या नेटवर्क सेटिंग्जची नवख्यांसाठी वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझ्या मित्राच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे. खाली दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारी मशीनं), वर पोटमाळ्यावर पार्टिशनमागे ऑफिस. तिथे दोन कॉम्प्युटर, एक लेसर प्रिंटर, हजेरीचं बोटाचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन, एवढाच सगळा नेटवर्कचा संसार. तरी लाइट जाऊन आली की प्रिंटर 'ऑफलाइन' व्हायचा. टेम्पो गेटवर उभा, चलन छापायचंय, आणि काकांचा मला फोन: "अरे, हे पुन्हा आंधळं झालं बघ!"

पहिले कित्येक महिने मी दरवेळी जाऊन प्रिंटर काढायचो आणि पुन्हा जोडायचो. चालायचा, पुढची लाइट जाईपर्यंत. खरं दुखणं प्रिंटरचं नव्हतंच, पत्त्याचं होतं. ते कळल्यावर जे जे केलं, ते त्याच क्रमानं इथे लिहितो. कॉम्प्युटर विंडोज ११चा धरलाय. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, पण वर्कशॉपमधून ते इतक्यात हलणार नाही, म्हणून जिथे फरक आहे तिथे सांगेन.

एक गोष्ट आधीच. मी आकडे आणि आज्ञा देवनागरीत लिहितोय, पण तुम्ही टाइप करताना इंग्रजी कीबोर्डच ठेवा. काकांच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड चालू राहिला होता आणि पत्त्याच्या रकान्यात आकडा काही उतरेना. अर्धा तास मी माऊस बदलून बघत होतो. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी भाषा दिसते, ती आधी बघून घ्या.

आधी वाडा डोळ्यापुढे आणा

जुन्या नाशकातला एखादा वाडा घ्या. रस्त्यावर दार एकच, आत बिऱ्हाडं दहा. बाहेरच्या जगाला वाड्याचा पत्ता माहीत, आतल्या खोल्यांचे नंबर आतल्यांनाच ठाऊक. तुमचं ऑफिस म्हणजे तो वाडा आणि राउटर म्हणजे त्याचं दार. सेटिंग्जमध्ये 'गेटवे' म्हणतात ते हेच. खोलीचा नंबर म्हणजे मशीनचा पत्ता, आयपी ॲड्रेस. आतल्या खोल्यांसाठी काही आकडे जगभर राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ने सुरू होणारे, १०ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातले. म्हणून तुमच्या ऑफिसात १९२.१६८.१.५ असतो आणि शेजारच्या शेडमध्येही असतो, तरी भांडण होत नाही. दोन वाड्यांत पाच नंबरची खोली असायला कुणाची हरकत?

'सबनेट मास्क' म्हणजे वाड्याची भिंत. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ पहिले तीन आकडे जुळले तर समोरचा आपल्याच वाड्यातला, थेट हाक मारा. नाही जुळले तर निरोप दाराशी द्या. या मापाच्या वाड्यात २५४ खोल्या बसतात. डीएनएस म्हणजे कोपऱ्यावरचा पानवाला. नाव सांगा, तो पत्ता सांगेल. तो दुकान बंद करून गेला की नेट चालू असूनही एकही वेबसाइट उघडत नाही.

राहिला डीएचसीपी. हा खोल्या वाटणारा दिवाणजी, आणि तो राउटरमध्येच बसतो. पण त्याचं वाटप मुदतीचं असतं. कुंभमेळ्यात तपोवनातल्या साधुग्रामात जागा मिळते तशी, मुदतीपुरती. मशीन निम्मी मुदत संपली की 'अजून आहे मी' असं सांगून ती वाढवून घेतं, म्हणून एरवी आपल्याला काही जाणवत नाही. घोटाळा लाइट गेल्यावर होतो. पुष्कळ साध्या राउटरमधली दिवाणजीची वही वीज जाताच कोरी होते. लाइट आल्यावर जो आधी हात वर करेल त्याला खोली. प्रिंटर सावकाश उठतो, तोवर त्याच्या जुन्या नंबरावर कुणाचा तरी फोन बसलेला असतो. कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर चलन घेऊन उभा.

हात लावण्याआधी लिहून घ्या

स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे आयपीकॉन्फिग (आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, मध्ये जागा नाही), मग एक जागा, तिरकी रेघ आणि 'ऑल' असं लिहून एंटर दाबा. भराभरा ओळी येतील, घाबरू नका. केबल लावली असेल तर 'इथरनेट', नाहीतर 'वाय-फाय' या मथळ्याखालचं तेवढं बघा. आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस सर्व्हर्स, फिजिकल ॲड्रेस (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि डीएचसीपी चालू की बंद, या सहा गोष्टी वहीत उतरवा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण सेटिंग बिघडल्यावर तो फोटो नेटवरून उघडायची वेळ येऊ नये एवढं बघा.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर तिथेच थांबा. याचा अर्थ दिवाणजी भेटलाच नाही आणि मशीननं स्वतःच काहीतरी नंबर लावून घेतला. लाइट आल्यावर कॉम्प्युटर राउटरच्या आधी उठला तर असं होतं. राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या, मग आयपीकॉन्फिगच्या पुढे तिरकी रेघ देऊन 'रिन्यू' लिहा. तरी नाही आलं तर केबल बघा. आमच्याकडे एकदा ती उंदरानं कुरतडली होती आणि मी दीड तास सेटिंग्ज चाळत बसलो होतो.

पत्ता पक्का करायचा तो शक्यतो राउटरमध्ये

पत्ता कायम करायचे दोन मार्ग. एक, त्या त्या मशीनमध्ये जाऊन हातानं लिहायचा. दोन, दिवाणजीला सांगून ठेवायचं की हे मशीन आलं की त्याला हीच खोली द्या. माझं मत सरळ आहे. जमेल तिथे दुसरा मार्ग धरा. सगळे पत्ते एका जागी राहतात, कुणाला काय दिलं ते दिसतं, आणि राउटर बदलला तर प्रत्येक मशीनपाशी चकरा माराव्या लागत नाहीत.

ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी तुम्ही वहीत लिहिलेला गेटवे टाका, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरचं पान उघडेल. नाव आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे तो स्टिकरवरचा पासवर्ड बदला. वर्कशॉपमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो वाचू शकतो.

आता 'लॅन' (म्हणजे वाड्याच्या आतलं नेटवर्क) किंवा 'डीएचसीपी सर्व्हर' असं पान शोधा. वाटपाची सुरुवात आणि शेवट तिथे दिलेला असतो, समजा २ ते २५४. तो बदलून १०० ते १९९ करा. म्हणजे येणारे-जाणारे फोन शंभरच्या वर राहतील आणि २ ते ९९ हे आकडे तुमच्या कायमच्या बिऱ्हाडांसाठी मोकळे. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती. डीव्हीआरला हातानं ५ नंबर दिला, पण दिवाणजीच्या वाटपातही ५ होताच. आठवड्यानं तो काकांच्या नव्या फोनला मिळाला. एका पत्त्यावर दोन मशीनं, त्यामुळे कधी कॅमेरे दिसेनात, कधी काकांचं व्हॉट्सॲप अडके. दोघांपैकी कुणी तरी बंद असेल तेव्हा सगळं सुरळीत. हे कोडं सुटायला मला चार दिवस लागले, आणि चूक शंभर टक्के माझी होती.

त्याच पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'बाइंडिंग' अशा नावाखाली राखीव पत्त्यांची यादी असते, नाव कंपनीगणिक बदलतं. नवी ओळ घाला. मशीनचा फिजिकल ॲड्रेस आणि त्याला द्यायचा पत्ता, एवढंच विचारतात. फिजिकल ॲड्रेस म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. विंडोज त्यांच्यामध्ये आडवी रेघ दाखवतं, राउटरला बहुधा अपूर्णविरामाची दोन टिंबं हवी असतात. प्रिंटरचा हा पत्ता त्याच्या मेनूतून 'नेटवर्क कॉन्फिगरेशन'चं पान छापलं की मिळतो. काही राउटरना राखीव पत्ता वाटपाच्या पट्ट्यातलाच लागतो. तसं म्हणाला तर १९० ते १९९मधला द्या, बिघडत नाही. जतन करा, मशीन बंद करून चालू करा, नवा पत्ता आला का बघा.

वाय-फायवरच्या मशीनांची एक खोड आहे. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट फिजिकल ॲड्रेस दाखवतात, आणि विंडोजमध्येही 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' नावाची तशी सोय आहे. राखीव पत्ता द्यायच्या मशीनवर ती त्या नेटवर्कपुरती बंद ठेवा, नाहीतर दिवाणजी त्याला ओळखणारच नाही.

प्रिंटरसाठी एक काम कॉम्प्युटरवरही उरतं, आणि लोक इथेच फसतात. पत्ता पक्का झाला तरी विंडोजनं प्रिंटर आपोआप शोधून जोडला असेल तर त्याचा पोर्ट (छापायचं काम कुठल्या वाटेनं पाठवायचं ती नोंद) 'डब्ल्यूएसडी' नावाचा असतो आणि तो लहरी आहे. प्रिंटर प्रॉपर्टीज, त्यात पोर्ट्स, मग 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि तुमचा राखीव पत्ता घाला. एक पान छापून बघा. हे केल्यापासून काकांचे फोन वेगळ्या कारणांसाठी येतात.

हातानं लिहायची वेळ आली तर

नेट देणाऱ्यांचा डबा कुलूपबंद असतो, त्याचं पान उघडत नाही किंवा राखीव पत्त्याची सोयच नसते. मग मशीनमध्ये लिहावं लागतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट (किंवा वाय-फायचं प्रॉपर्टीज पान), आणि तिथे 'आयपी असाइनमेंट'समोर एडिट. 'ऑटोमॅटिक'चं 'मॅन्युअल' करा, आयपीव्ही४चा खटका चालू करा आणि रकाने भरा. पत्ता १९२.१६८.१.२०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे वहीतला. विंडोज १०मध्ये मास्कऐवजी 'सबनेट प्रीफिक्स लेंग्थ' विचारतात. तिथे फक्त २४ लिहायचं. मास्क लिहिला तर सेव्ह होत नाही आणि का होत नाही तेही तो नीट सांगत नाही.

डीएनएसच्या रकान्यात वहीतलाच लिहा किंवा सार्वजनिक पानवाला निवडा. गूगलचा ८.८.८.८ हा २००९पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ २०१८पासून. एक पहिला, एक पर्यायी, असं चालतं. डीएनएस बदलला की नेटचा वेग दुप्पट होतो असं कुणी सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. पत्ता सांगायला लागणारा क्षण कमी-जास्त होतो, पुढचा रस्ता तोच. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असेल तर मात्र डीएनएसला हात लावू नका, नाहीतर लॉगिनच होणार नाही.

आयपीव्ही६ बंद करून टाका असा सल्ला नेहमी मिळतो. कारण नसताना करू नका, विंडोज ते चालू आहे असं धरूनच बनवलेलं आहे.

झालं की तपासा, आणि जवळून लांब या क्रमानं तपासा. काळ्या खिडकीत पिंग (पी-आय-एन-जी), जागा, पत्ता. आधी गेटवेला हाक मारा. उत्तर नाही म्हणजे दोष वाड्याच्या आतला: केबल, मास्क किंवा चुकलेला आकडा. गेटवे बोलला तर ८.८.८.८ला. तो गप्प असेल तर गेटवेच्या रकान्यातला आकडा पुन्हा बघा, नाहीतर नेट देणाऱ्याला फोन लावा. तोही बोलला तर एखाद्या वेबसाइटच्या नावाला. तिथेच अडलं तर पानवाला झोपलाय, म्हणजे डीएनएस. या तीन हाकांत निम्म्याहून जास्त तक्रारींचा ठिकाणा लागतो. फक्त प्रिंटर किंवा विंडोजचा कॉम्प्युटर पिंगला बोलला नाही म्हणजे तो मेला असं नाही. फायरवॉल, म्हणजे मशीनमधला राखणदार, पुष्कळदा उत्तर देऊ देत नाही.

एका लॅपटॉपला दोन वाटा

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण अंबड-सातपूरच्या शेडमध्ये हे रोज घडतं आणि सामान्य माहितीत सापडत नाही. सीएनसीला प्रोग्राम पाठवायला ऑपरेटर लॅपटॉप केबलनं मशीनला जोडतो. ड्रॉइंग मेलवर येतं, म्हणून वाय-फायही हवं. आणि मग हाक येते: "भाऊ, केबल लावली की नेट मरतं."

कारण असं. केबलच्या पत्त्यात कुणीतरी गेटवे भरून ठेवलेला असतो, रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून. आता लॅपटॉपला बाहेर पडायला दोन दारं दिसतात, आणि विंडोज बहुधा केबलचं दार पसंत करतं. त्या दारामागे सीएनसीशिवाय काही नाही. मेल तिकडे जाऊन भिंतीवर डोकं आपटतं.

उपाय. विंडोजचं बटण आणि आर दाबा, ncpa.cpl (एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल) लिहा आणि एंटर दाबा. जुनी खिडकी उघडेल. मी मुद्दाम तीच वापरतो, कारण नव्या पानावर रिकामा रकाना कधी कधी चालत नाही. इथरनेटवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४वर दोनदा क्लिक. सीएनसीच्या कंट्रोलरमध्ये समजा १९२.१६८.१०.२० आहे, तर लॅपटॉपला १९२.१६८.१०.५ द्या, मास्क तोच. गेटवे रिकामा, डीएनएस रिकामा. वाय-फाय ऑटोमॅटिकवरच राहू द्या.

इथे तिसरा आकडा १० आहे, १ नाही, हे लक्षात आलं का? ते हवंच. मशीनची केबल आणि ऑफिसचं वाय-फाय दोन्ही १९२.१६८.१मध्ये असतील तर लॅपटॉपला एकाच नावाचे दोन वाडे दिसतात आणि निरोप कुठल्या भिंतीआड द्यायचा ते त्याला उमगत नाही. सीएनसीचा पत्ता बदलायचा असेल तर मशीनवाल्यांना विचारून बदला. जुना पत्ता आधी लिहून ठेवा, मी दोनदा सांगतोय त्याला कारण आहे.

दोन्ही वाटांना खरोखरच नेट असेल, म्हणजे केबलवर फायबर आणि वाय-फायवर फोनचा हॉटस्पॉट, तर क्रम तुम्ही ठरवू शकता. त्याच आयपीव्ही४च्या खिडकीत ॲडव्हान्स्ड, 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढा आणि केबलला १०, वाय-फायला ५० लिहा. लहान आकड्याची वाट आधी. केबल निघाली की दुसरी आपोआप धरली जाते.

उरलेलं, थोडक्यात

नेटवर्कचा प्रकार ऑफिसात 'प्रायव्हेट' ठेवा, तरच एकमेकांचे फोल्डर दिसतील. कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसलात तर 'पब्लिक'. फोल्डर दिसत नाही म्हणून फायरवॉल पूर्ण बंद करणारे महाभाग भेटतात. तसं करू नका, आधी हा प्रकार तपासा.

काही साइट उघडतात आणि एखादं सरकारी पोर्टल अर्ध्यातच लटकतं, असं असेल तर एमटीयूचा, म्हणजे नेटवर एका वेळी जाणाऱ्या पाकिटाच्या कमाल मापाचा, संशय घ्या. साध्या केबलवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात, पण नेट पीपीपीओई पद्धतीचं (राउटरमध्ये नेट देणाऱ्यानं दिलेलं नाव आणि पासवर्ड भरून जोडायचं) असेल तर त्याची ८ बाइटची चिठ्ठी आत जाते आणि १४९२ उरतात. तपासायला पिंगनंतर 'उणे एफ', 'उणे एल', १४७२ आणि मग ८.८.८.८ लिहा. पाकीट फोडावं लागेल अशी तक्रार आली तर १४६४ करून बघा. पिंगचं स्वतःचं वेष्टन २८ बाइटचं असतं, म्हणून १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. बदल राउटरच्या 'वॅन'च्या (बाहेरच्या नेटच्या) पानावर करा, प्रत्येक कॉम्प्युटरवर नको.

डीव्हीआर घरून बघायला राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची खिडकी, उघडणार असाल तर आधी राउटरच्या 'वॅन' पानावरचा बाहेरचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुमचा वाडा नेट देणाऱ्याच्या मोठ्या वाड्यात आहे आणि तुमचं दार रस्त्यावर उघडतच नाही. कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. डीव्हीआरच्या कंपनीचं मोबाइल ॲप वापरा किंवा नेट देणाऱ्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्या.

ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या तळाशी 'नेटवर्क रीसेट' असतं. ते विंडोजमधली सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवतं, हातानं लिहिलेले पत्ते आणि वाय-फायचे पासवर्ड पुसतं आणि पाच मिनिटांत कॉम्प्युटर रीस्टार्ट करतं. बाकी सगळं हरल्यावरच, आणि चालू बिल सेव्ह करून.

काकांच्या ऑफिसात राउटरशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. गेटवे १, डीव्हीआर १०, हजेरीचं मशीन ११, प्रिंटर २०, काकांचा कॉम्प्युटर ३०, आणि शेजारी कधी बदललं ती तारीख. पेन्सिलनं लिहिलंय. गेल्या महिन्यात प्रिंटर नवा आला, तेव्हा फिजिकल ॲड्रेस खोडून नवा लिहिला आणि राउटरमध्येही तेवढाच बदलला. पत्ता २०च राहिला, म्हणून दोन्ही कॉम्प्युटरवर नवा ड्रायव्हर टाकला एवढंच, पोर्टला हात लावावा लागला नाही.